ह्या चौकड्याला मालक हाय

आमचे घरमालक माणसाच्या तोंडाआधी त्याच्या कपड्याकडे बघत, आणि कपडा चौकड्यांचा निघाला तर तोंडाकडे बघायचं राहूनच जाई. मी सहा वर्षं त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहिले. पहिल्या वर्षी त्यांना माझा चेहरा धड ओळखू येत होता की नाही, याची मला अजून शंका आहे. कपडे मात्र सगळे पाठ होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. बदली नगरला झाली तेव्हा नवरा, सासूबाई आणि मुलं संगमनेरलाच राहिली. सोमवारी पहाटेच्या एसटीने यायचं, शनिवारी दुपारच्या एसटीने जायचं, आणि मधल्या दिवसांत वर्ग, पेपर आणि निवडणुकीच्या याद्या. नगरच्या लष्करी छावणीलगतच्या भिंगारला खोली बघायला गेले तो दिवस मे महिन्यातला होता. त्या दिवशी माझ्या चार खोल्या बघून झाल्या होत्या. चारही ठिकाणी "मिस्टर कुठे असतात?" या प्रश्नाचं उत्तर देऊन झालं होतं. पाचव्या ठिकाणी खाली शिलाईचं दुकान होतं आणि पायमशीनवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, पांढरी लुंगी, पांढरी दाढी. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, माझ्या अंगातल्या कुर्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुणाचं?"

"माझंच," मी म्हटलं.

"कुर्ता तुमचाच असंल. चौकडा कुणाचा?"

कुर्ता संगमनेरच्या बाजारात रस्त्यावर ढीग लावून विकत होते त्यातला. निळे-पांढरे चौकोन. मी तसं सांगितलं. त्यांनी खणातून भिंग काढलं, "माफ करा हां" म्हणून माझ्या बाहीची कड दोन बोटांत धरली, आणि निळे दोरे किती, पांढरे किती, ते ओठांतल्या ओठांत मोजले. मग भिंग ठेवून म्हणाले, "बेवारस हाय. घाला बिनधास्त." आणि पुढच्याच वाक्यात भाडं सांगितलं. नवरा कुठे असतो ते त्यांनी विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. सहावी खोली बघण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. मी पिशवी तिथेच खाली ठेवली.

सगळं भिंगार त्यांना मास्तर म्हणे. त्यांचे आजोबा गोऱ्या पलटणीच्या बॅगपाइप वाजवणाऱ्यांचे कपडे शिवत. गोरे गेले, आपली पलटण आली, वाजंत्री तीच राहिली आणि शिलाईही त्याच घरात राहिली. खांद्यावरून सोडायची चौकड्यांची शाल, पाइपच्या पिशवीची खोळ, वरच्या फिती हे सगळं मास्तरांनी चाळीस वर्षं शिवलं. मी राहायला गेले तोवर ते काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे गेलं होतं आणि मास्तर शाळांचे गणवेश आणि बायकांचे परकर शिवत होते. पण डोकं अजून त्या शालीतच होतं.

आपण चौकडी म्हणतो, ते चौकडा म्हणत. त्यांच्या मते जगात दोन प्रकारचे चौकडे असतात, वारस असलेले आणि बेवारस. वारस असलेला म्हणजे टार्टन. स्कॉटलंडातल्या एकेका घराण्याचा एकेक चौकडा ठरलेला, कुठला रंग किती दोरे ते ठरलेलं, आणि तो दुसऱ्याने अंगावर घालायचा नाही.

"टीचर, तुमी तुमचं आडनाव लावता का न्हाई?" त्यांनी मला एकदा समजावलं. "मग उद्या शेजारणीचं आवडलं म्हणून तिचं लावून हिंडाल का? तसंच हे हाय. चौकडा अंगावर घ्यायचे तीनच रस्ते. एक जन्मानं. दोन पलटणीनं. तीन इजाजतीनं. मालकाला इचारायचं, मालक हो म्हणला तर घालायचं."

"आणि चौथा?"

"चौथा चोरीचा."

त्यांच्याकडे एक बाड होतं. जाड पुठ्ठ्याचं, आजोबांच्या हातचं. पानापानावर टार्टनचे चार बोटं रुंद तुकडे चिकटवलेले आणि खाली उर्दूत मालकाचं नाव. सगळी नावं मॅक-अमुक नाहीतर मॅक-तमुक. हे बाड ते शुक्रवारी नमाजाहून आल्यावर उघडत, कसर लागली नाही ना बघत, आणि बंद करत. गिऱ्हाइकाला ते दाखवायचं नाही असा दंडक होता.

या शास्त्रापायी त्यांची गल्लीतल्या समवयस्कांशी कायमची धुसफूस असे. संध्याकाळी मशिदीसमोरच्या ओट्यावर आठ-दहा म्हातारे बसत आणि त्या सगळ्यांच्या लुंग्या चौकड्यांच्या. मास्तर एकटेच कोऱ्या पांढऱ्या लुंगीत. त्यांनी म्हणे तरुणपणी एकेका लुंगीची तपासणी करून सगळ्या बेवारस ठरवल्या होत्या. तरी स्वतः ते कधी चौकडा घालत नसत. का, असं विचारलं तर म्हणत, "डॉक्टर औषध विकतो म्हणून पितो का?" त्यांच्या पत्नी, ज्यांना मीही सगळ्यांसारखं चाची म्हणू लागले, आतून ओरडत, "डॉक्टरच्या घरात कोनी आजारी पडलं तर तो देतो तरी!" मास्तर यावर मशीनचं चाक फिरवू लागत. चाचींच्या त्या वाक्याला एक जुना काटा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

एका साखर कारखान्याच्या संचालकांचा पुतण्या एकदा मोठ्या गाडीतून दुकानासमोर उतरला. तो विलायतेत शिकून आला होता आणि लग्नातल्या गाण्याच्या कार्यक्रमाला त्याला तिथला तो चौकड्यांचा घागरा घालायचा होता. मोबाईलवर फोटो आणला होता. मास्तरांनी फोटो बघितला आणि विचारलं, "तुमचं खानदान कोणतं?"

पुतण्याच्या बरोबर त्याचे मामा होते. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा निघाला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि पाव तास कूळ सांगितलं. थेट देवगिरीपर्यंत नेलं, मध्ये दोन लढाया, एक जहागीर. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मास्तरांनी मन लावून ऐकलं, चहा पाजला, आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "खानदान लई मोठं हाय, साहेब. पन ह्यात मॅक कुठं आलं?"

गाडी धूळ उडवत गेली. मला आठवडाभर हसू येत होतं. तीच हसायची गोष्ट पुढे किती महाग पडणार आहे हे तेव्हा कळायचा काही मार्ग नव्हता.

मास्तरांना एक मुलगा होता, जावेद. तो पुण्याला रेडीमेड कपड्यांचं दुकान चालवतो, एवढंच मला पहिली दोन वर्षं माहीत होतं. ईदला येत नसे, फोनही येत नसे. मग एका दुपारी चाचींबरोबर तांदूळ निवडताना त्यांनी सगळं सांगितलं.

पलटणीचं कापड ही अमानत, असं मास्तर मानत. काम झालं की कातरण गोळा करायची, शेगडीत स्वतःच्या हाताने जाळायची, आणि मगच हात धुवायचे. एक चिंधीसुद्धा घरात ठेवायची नाही. जावेद वडिलांच्या हाताखाली तयार झालेला कारागीर, हात त्यांच्याहून सफाईदार. त्याला मुलगी झाली. ती वर्षाची झाली तेव्हा घरी दावत ठेवली होती. जावेदने त्या वेळची कातरण जाळायला न देता लपवून ठेवली आणि तिचा लेकीसाठी फ्रॉक शिवला. चौकडा चौकड्याला असा जुळवलेला, की जोड दिसत नव्हता. पाहुणे बघत राहिले. मास्तर मशिदीतून आले, त्यांनी नात कडेवर घेतली, फ्रॉकवर नजर गेली, आणि भर पाहुण्यांत त्यांनी तो तिच्या अंगातून काढला. पोर थंडीत उघडी रडत होती. सून रडत होती. दुसऱ्या दिवशी जावेद दोघींना घेऊन पुण्याला गेला.

"अकरा वर्षं झाली," चाची म्हणाल्या. "नात बारा वर्षांची हाय. मी फोटो बघते मोबाईलमध्ये. हे बघत न्हाईत."

"मास्तरांना वाईट वाटत नाही?"

"वाटतं ना. रोज वाटतं. पन ते म्हणतात, पोरानं इचारलं असतं तर मी पलटणीच्या साहेबाकडे गेलो असतो, इजाजत काढली असती. त्यानं इचारलं न्हाई. नियम म्हंजे नियम. नियम खोटा न्हाई तर मी कसा खोटा?" चाचींनी सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. "नियमाला पोरगी न्हाई, टीचर. आमाला हुती."

मला तेव्हा मास्तरांचा मनापासून राग आला. पण रागावून राहायलाही उसंत लागते. दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा होती.

मिलिंद आला तो सहाव्या वर्षीच्या हिवाळ्याच्या शेवटी. काष्टीकडचा, पंचविशीतला. आठवडाभर टेम्पो चालवायचा, बाजाराच्या दिवशी जनावरं वाहायचा आणि लग्नसराईत बँड वाजवायचा. त्याचे वडील सनई वाजवत. याने एका निवृत्त फौजीकडून बॅगपाइप शिकून घेतला होता आणि जुने पाइप मिळवून आठ पोरांचा ताफा उभा केला होता. यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, गावातून, पहिल्यांदा पाइप वाजणार होते. त्यासाठी आठ शाली हव्या होत्या. कुणीतरी त्याला मास्तरांचं नाव सांगितलं होतं.

मास्तर खूश झाले. इतक्या वर्षांनी कुणीतरी पाइपचं नाव काढलं होतं. त्यांनी पोराला फुंक कशी धरतोस, पिशवी कुठल्या बगलेत, असं बरंच विचारलं, आणि इतके रंगले की स्वतःचाच दंडक मोडून बाड काढलं. मी कॉलेजमधून येऊन दुकानातच टेकले होते. मिलिंदने पानं उलटली आणि एका तुकड्यावर बोट ठेवलं. गडद निळा, त्यात हिरवा, आणि मधून एक बारीक पांढरी रेघ.

"हे द्या, मास्तर. निळं हाय. आपलंच वाटतंय."

"ह्या चौकड्याला मालक हाय," मास्तर म्हणाले, आणि सवयीने, अगदी सवयीने, पुढचा प्रश्न विचारला. "तुमचं खानदान कोणतं?"

मिलिंदचा हात पानावरून निघाला. दुकानात शिलाईचा दिवा भगभगत होता आणि त्याचा चेहरा कसा मिटत गेला ते मला स्वच्छ दिसलं.

"आमचं खानदान व्हय," तो सावकाश म्हणाला. "मास्तर, माझ्या आज्याला गावात नवं धोतर नेसून वेशीतनं जाता येत नव्हतं. नवं मिळालं तर आदी मातीत मळवायचं, मग नेसायचं. आमी काय घालायचं हे सांगनारे आमाला नवे न्हाईत. ते आमच्या गावचे हुते, तुमचे विलायतेचे हायेत, एवढाच फरक."

तो उठला, "येतो मॅडम" म्हणाला, आणि गेला.

मास्तरांना खरोखर कळलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. "मी काय वाईट बोललो? मी तर सगळ्यांनाच इचारतो. त्या गाडीवाल्यालासुदिक इचारलं हुतं."

"त्याला विचारलंत म्हणून तो खुर्ची ओढून बसला," मी म्हटलं. "याला तो प्रश्न आजपर्यंत कशासाठी विचारला गेलाय, ते आठवा जरा."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरी शेरवानी घालून एसटीने काष्टीला गेले. बाजार भरला होता. बैलांच्या, शेळ्यांच्या गर्दीत त्यांनी मिलिंदचा टेम्पो शोधला, त्याच्या शेजारी सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले की, मला तुझी जात इचारायची नव्हती, पन इचारली गेली, माझी चूक हाय. हे मला नंतर मिलिंदनेच सांगितलं. मग म्हणाले, इजाजत मी काढतो. तू थांब.

"जयंतीपर्यंत थांबतो," मिलिंद म्हणाला होता. "फुडं न्हाई."

बघा, माणूस चूक कबूल करायला शेरवानी घालून जातो, पण नियम सोडत नाही.

पत्र मी लिहायचं होतं. त्या घराण्याचं तिकडे एक मंडळ होतं, मंडळाचा ईमेल पत्ता मोबाईलवर सापडला. मास्तर उभं राहून मजकूर सांगत होते. घराण्याच्या प्रमुखांना सलाम. घरची सगळी मंडळी खुशाल असावीत. मग मिलिंदची माहिती: मुलगा निर्व्यसनी आहे, स्वभावाने नम्र, पाइप मनापासून वाजवतो, ताफ्यातली सगळी मुलं चांगल्या वळणाची. स्थळ सांगून आल्यासारखं ते पत्र झालं होतं. शेवटी त्यांनी घालायला लावलं की, शाल शिवणारा मी आहे, माझ्या हातून तुमच्या चौकड्याची बेअदबी होणार नाही. मी त्याचं जमेल तसं इंग्रजी केलं आणि पाठवून दिलं. उत्तर येईल असं मला वाटत नव्हतं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. मी बोर्डाचे पेपर तपासत होते. मान अवघडलेली, गठ्ठा अर्धाही संपला नव्हता. मोबाईल वाजला. मंडळाच्या सचिव कुणी वयस्क बाई होत्या. फार प्रेमाने लिहिलं होतं. पत्र वाचून आनंद झाला. पण तुम्हाला आमची परवानगी लागतच नाही. कोणीही कोणतंही टार्टन घालावं, त्याला कायदा नाही. राजघराण्याचं वगैरे एखादं लोक आपणहून सोडून देतात, तेवढंच. आणि खरं सांगायचं तर, असं त्या बाईंनी पुढे लिहिलं होतं, कुठला चौकडा कुठल्या घराण्याचा हे बहुतेक सगळं दोनेकशे वर्षांपूर्वी कापड विकणाऱ्यांनीच जुळवून दिलं आहे. मुलांना आमच्या शुभेच्छा. मिरवणुकीचा फोटो पाठवा.

मी ते तीनदा वाचलं. आधी हसू आलं. मग जावेदची मुलगी आठवली आणि हसू गेलं.

नियम नव्हताच. ज्या नियमापायी एका वर्षाच्या पोरीला पाहुण्यांसमोर उघडं केलं, पोरगा गमावला, इतकी वर्षं फोटोसुद्धा बघितला नाही, तो कापडवाल्यांनी माल खपवायला जुळवलेला होता. आता हे शहात्तर वर्षांच्या माणसाला मी सांगायचं. कसं सांगायचं? मला त्यांची दया आली, हे खरं. पण मी थकलेही होते, आणि तेही तितकंच खरं. खरं सांगितल्यावर जे काही होईल ते निस्तरायला अंगात बळ लागतं. ते त्या दिवशी नव्हतं. गठ्ठा दुसऱ्या दिवशी जमा करायचा होता.

मी खाली गेले. मास्तर माझ्या हातातला मोबाईल बघूनच उभे राहिले.

"आलं?"

"आलं. परवानगी आहे."

"खुद्द मालकाची?"

"मालकाच्या वतीने सचिवबाईंची."

"अट काय घातली?"

"नीट शिवा म्हणाल्या," मी म्हटलं. "आणि फोटो पाठवा."

त्यांनी मोबाईल दोन्ही हातांत घेतला. इंग्रजी वाचता येत नव्हतं. पत्राच्या डोक्यावर मंडळाचं चिन्ह होतं, त्यावर त्यांनी बोट टेकवलं आणि ते बोट डोळ्यांना लावलं. आतून चाची बघत होत्या.

मिलिंदला मात्र मी खरं दाखवलं. कॉलेजसमोरच्या टपरीवर बोलावलं आणि मोबाईल पुढे केला. त्याने एकेक शब्द लावत वाचलं.

"कोनीबी?" त्याने विचारलं.

"कोणीही."

तो इतका हसला की टपरीवाल्याने वळून बघितलं. डोळे पुसत म्हणाला, "मॅडम, आमच्या आज्याला हे दाखवायला पायजे हुतं." मग एकदम गंभीर झाला. "मास्तरला सांगितलं?"

"नाही. परवानगी आली असं सांगितलंय. तूही बोलू नकोस."

त्याने जरा विचार केला. "ऱ्हाऊ द्या. म्हाताऱ्याचं मन मोडून काय करायचं. पन मी परवानगीनं घालनार न्हाई हां मॅडम. मी आपलं तसंच घालनार."

"तसंच घाल," मी म्हटलं.

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. दोघांच्याही मनासारखं झालं होतं आणि कुणाला लागलंही नव्हतं.

कापड लुधियानाहून आलं. तिथे ते म्हणे मीटरवर वाटेल त्याला मिळत होतं. मी हे मास्तरांना मुद्दाम सांगून बघितलं. "विकणाऱ्याला धर्म नसतो, टीचर," ते म्हणाले, "शिवणाऱ्याला असतो." आणि कामाला लागले. परकर, गणवेश सगळं बाजूला. पांढरी रेघ बरोबर खांद्याच्या मधोमध यावी आणि चुण्या पडल्यावरही तुटू नये म्हणून त्यांनी पहिली शाल दोनदा उसवली. आठही शाली पुऱ्या झाल्यावर कातरण शेगडीत घालून जाळली. वाकायला त्रास होत होता, तरी मला हात लावू दिला नाही.

चौदा एप्रिलला ते आणि मी काष्टीकडे गेलो. मास्तरांनी प्रत्येक पोराच्या खांद्यावर शाल स्वतः लावली, पिन टोचली, मागे जाऊन चुण्या सरळ केल्या. मिलिंदच्या खांद्यावर लावताना त्याने मान ताठ ठेवली आणि माझ्याकडे बघून किंचित हसला. मग मिरवणूक निघाली. निळे झेंडे, गुलालासारखा उधळलेला निळा रंग, पुढे आठ पाइप. उन्हात बायका घरांच्या ओट्यांवर उभ्या होत्या. वेशीतून ताफा आत आला तेव्हा एका म्हातारीने पुढे होऊन मिलिंदच्या शालीला हात लावला आणि तो हात स्वतःच्या गालावर फिरवला. मला रडू आलं. मास्तर रस्त्याच्या कडेने ताफ्याबरोबर चालत होते आणि शालीची घडी बिघडली की बोटाने खूण करत होते. एवढे खूश मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मास्तर खिडकीशी बसले होते. मग म्हणाले, "बघितलं ना, टीचर? मागितली, मिळाली. सात समुद्रापलीकडचा मालक, ना वळख ना पाळख, पन इचारल्यावर हो म्हणला. जावेदला मी हेच सांगत हुतो. फक्त इचारायचं. इचारल्यावर कोन न्हाई म्हणतं?"

मी पर्सची चेन ओढून बंद केली.

"कदी कदी मला वाटायचं," ते पुढे म्हणाले, "की माझंच चुकलं असंल. पोरीचा फ्रॉक, जाऊ दे, काय बिघडत हुतं. लई वेळा वाटलं. रातीला झोप लागायची न्हाई. आज कळलं. नियम खरा हाय. मी बरोबर हुतो." आणि त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

मोबाईल माझ्या पर्समध्ये होता, पत्र त्यात होतं. रुईछत्तिशी गेली, भिंगार आलं, आम्ही उतरलो. मला तेव्हाही सांगता आलं असतं. उद्या सांगू म्हटलं. मग बदलीची ऑर्डर आली, संगमनेरचीच, जिची मी सहा वर्षं वाट बघितली होती, आणि बांधाबांधीत राहून गेलं.

मास्तर पुढच्याच पावसाळ्यात गेले. मला चार दिवसांनी कळलं. भेटायला गेले तेव्हा चाची एकट्याच बसल्या होत्या. जावेद मयतीला आला होता, बायको आणि मुलीला घेऊन. मुलगी आजोबांना बघायला आत गेली आणि लगेच बाहेर आली. कुणी अनोळखी माणूस असावा तसं तिने बघितलं, असं चाची म्हणाल्या. बघणारच. तिला ते कुठे माहीत होते?

मला ते सहन झालं नाही. मी चाचींना सगळं सांगितलं. परवानगी आलीच नव्हती. ती लागतच नाही, असं आलं होतं.

"कोनीही घालावं?" त्यांनी विचारलं.

"कोणीही."

"ल्हान पोरीनं पन?"

"लहान पोरीनं पण."

चाचींनी हातातली तसबी मांडीवर ठेवली. मी म्हटलं, त्यांना त्रास होईल म्हणून मी बोलले नाही. त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्रास झाला असता," त्या म्हणाल्या. "दोन दिवस जेवले नसते. माझ्यावर वरडले असते, तुमाला खोली खाली करा म्हणले असते. आनि तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या गाडीत बसले असते. मी त्यांना वळखत हुते, टीचर. तुमी सा वर्षं ऱ्हाऊन न्हाई वळखलंत."